चौबळकाकांची मागची गाडी

चौबळकाका कोपऱ्यावर वळायचे ते बघण्यासारखं असायचं. सरळ वळायचेच नाहीत. आधी रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेला जायचे, मान मागे वळवून काहीतरी न्याहाळायचे आणि मग भलामोठा अर्धगोल काढत सावकाश वळायचे. हातात फक्त भाजीची पिशवी. मागे कोणी नाही, काही नाही. डोंबिवलीच्या ज्या बाजारात माणसाला सरळ चालायला जागा नाही, तिथे हा अर्धगोल. कोथिंबीरवाली ओरडायची, "ओ काका, कुठली तरी एक बाजू धरा ना!"

मी त्यांच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायचो. एकदा न राहवून विचारलंच.

"सवय करतोय रे अंगाला," ते म्हणाले. "मागे गाडी बांधलीय असं समजायचं. आपण वळलो म्हणजे ती वळली असं नसतं, अरुण. आपण आधी वळतो, ती नंतर वळते. मधल्या वेळात कोपऱ्यावरचं दुकान तिच्या वाटेत येतं."

"पण गाडी कुठाय?"

"ती बांधायची आहे अजून," असं म्हणून काका अर्धगोल काढत दूध आणायला गेले.

ऐंशीचं दशक संपत आलेलं तेव्हा. काका एका रसायनांच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते, तिथून नुकतेच रिटायर झालेले. आमच्याकडे रिटायर झालेला माणूस नाट्यसंगीताच्या मैफिलींना जातो किंवा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. काकांनी बस घेतली. कारखान्याच्या कामगारांना ने-आण करणारी जुनी बस मोडीत निघत होती, ती त्यांनी उचलली आणि ठाकुर्लीकडच्या बाजूला भाऊ पाटलांच्या मोकळ्या जमिनीवर आणून उभी केली. आतल्या सीटा काढल्या. पलंग केला, ओटा केला, मोरी केली, खिडक्यांना निळे पडदे लावले. दारावर चौबळ अशी पाटीही लावली.

रविवारी दुपारी ते आम्हाला तिथे चहाला बोलवायचे. कपांना बसायला ओट्यात गोल भोकं पाडलेली होती. बस जागेवरच उभी असायची, पण काका एका हाताने वरचा दांडा धरून चहा प्यायचे. मी नुसता बसलो की म्हणायचे, "धरून बस. घाट आहे असं समज."

जमिनीचे मालक भाऊ पाटील जुन्या शेतकरी घरातले, मिश्कील. बसच्या पायरीवर उकिडवे बसून म्हणायचे, "काका, घराला चाकां लावलीस, पन घर जाईल कवा?"

"जाईल, भाऊ. मागची गाडी झाली की निघालो."

ही मागची गाडी म्हणजे निर्मलाकाकूंची पिकअप.

काकूंना झाडांचं वेड. भाऊंच्याच जमिनीच्या एका कोपऱ्यात त्यांनी रोपवाटिका केलेली. मोगरा, कढीपत्ता, सोनचाफा. रोपं पोचवायला छोटी पिकअप होती, तोंड मोटारीचं आणि मागे उघडा हौदा. ती काकू स्वतः चालवायच्या. आमच्या अख्ख्या आळीत लायसन्स असलेली ती एकमेव बाई. पदर खोचून, मागच्या हौद्यात कुंड्या हलताहेत, अशा त्या कल्याणला, विठ्ठलवाडीला, पार ठाण्यापर्यंत जायच्या. एखादा रिक्षावाला आडवा आला की काच खाली करून विचारायच्या, "हात दाखवायला हात दुखतात का रे?" काका कधी बरोबर असले तर शेजारी गप्प बसून असायचे. घरात मात्र अभिमानाने सांगायचे, "गियर बदललेला कळत नाही पोटातल्या पाण्याला."

मूलबाळ नव्हतं. दोघांचा बेत ठरलेला होता. काका रिटायर झाले की कोकणात उतरायचं. पुढे बस, ती काका चालवणार. मागे पिकअप, ती काकू चालवणार. बस मोठ्या रस्त्याला उभी करायची आणि गावातल्या अरुंद वाटांनी पिकअप घेऊन आत जायचं, जुन्या बागांमधून रोपं गोळा करायची. "मी पुढे, ती मागे, जेवायला एकत्र," असं काका कोणालाही थांबवून सांगायचे.

बस तयार होत आली आणि काकूंनी गाडी चालवणं बंद केलं. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "कंटाळा आला बाई."

आम्हाला ते खरं वाटलं. मग एकदा माझी बायको, वैशाली, त्यांच्याकडे बसलेली असताना काकूंनी चहा ओतला तो कपाच्या बाजूला, थेट टेबलावर. वैशालीने फडकं घेतलं. काकू म्हणाल्या, "काचबिंदू आहे गं. दोन्ही बाजूंनी पडदा सरकत येतोय. मधलं दिसतं अजून. डॉक्टर म्हणतात, गेलं ते परत यायचं नाही, आहे ते सांभाळा." मग म्हणाल्या, "कोणाला सांगू नकोस. कीव केली की मला राग येतो."

आणि त्याच सुमारास काकांनी त्या मागच्या गाडीची टूम काढली. पिकअप बसला बांधायची आणि ओढत न्यायची. तीही चारही चाकं जमिनीवर ठेवून.

सोसायटीत ज्याला त्याला मत होतं. कोणी म्हणालं, पिकअप विकून टाका. कोणी म्हणालं, क्रेनवाले उचलतात तशी पुढून उचला. जोशी म्हणाले, त्यापेक्षा एक ड्रायव्हर ठेवा, सोपं आहे. त्यावर काका एकदम उखडले. "त्या सीटवर दुसरा कोणी बसायचा नाही! सीट तिच्या उंचीला लावलीय. एकदा हलवली की पुन्हा तशी लागत नाही."

मग सुरू झालं काम. पिकअपच्या पुढच्या बंपरमागे, गाडीच्या मूळ सांगाड्याला बोल्टांनी जाड पट्टी बसवली. त्या पट्टीपासून बसच्या मागच्या हुकापर्यंत लोखंडी त्रिकोण, रुंद बाजू पिकअपकडे आणि टोक बसकडे. त्रिकोण तुटलाच तर म्हणून खाली दोन साखळ्या, एकीवर एक तिरक्या टाकलेल्या. बसचा ब्रेक दाबला की पिकअपचाही लाल दिवा लागावा म्हणून मागून वायर. स्टिअरिंगचं कुलूप काढलेलं, म्हणजे चाकं ओढली जातील तशी आपली आपण वळतील. एवढं करून भागत नव्हतं. इंजिन बंद असताना गाडी ओढली की गियरबॉक्समध्ये तेल फिरत नाही आणि आतले दाते जळतात, म्हणून मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा दर वेळी खालून सोडवायचा आणि मुक्कामी पोचलं की पुन्हा जोडायचा. काका पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घालून गाडीखाली आडवे व्हायचे आणि ते जोडणं-सोडवणं घटवायचे. बाहेर फक्त पाय दिसायचे. पोस्टमन त्या पायांशी बोलून जायचा.

"चारही चाकं जमिनीवर" हे त्यांचं पालुपद झालं. वैशालीचं आणि माझं वाजलं, तर समेटाला आलेले काका मला म्हणाले, "तू तिला पुढची चाकं उचलून ओढतोस. चारही जमिनीवर ठेव. तिच्या चाकांना तिचं वळू दे." मला तेव्हा काही कळलं नाही. वैशालीला कळलं असावं, कारण ती हसली.

मग एका रविवारी सकाळी पहिली फेरी निघाली, शीळ रस्त्याला. काका स्टिअरिंगवर, मी मागच्या खिडकीशी पहाऱ्याला. काकू घरीच थांबलेल्या. खरं सांगतो, गाडी सुरेख चालली. पिकअप आज्ञाधारकपणे मागोमाग येत होती. आम्ही वळलो की तिची पुढची चाकं आपणहून वळायची आणि आतलं स्टिअरिंग भुताने हात लावल्यासारखं फिरायचं. मला फार गंमत वाटत होती.

रस्त्यावरच्या लोकांना मात्र वेगळंच वाटलं. बिनड्रायव्हरची गाडी सुटलीय म्हणून एका टपरीवर आरडाओरडा झाला. त्यातून एक धिप्पाड गृहस्थ बनियनवर पळत आले, धावत्या पिकअपचं दार उघडून आत उडी मारली आणि होता नव्हता तेवढा जीव लावून ब्रेक दाबला. मी खिडकीतून किंचाळतोय, "सोडा, सोडा!" त्यांना वाटलं मी घाबरलोय. त्यांनी मला हाताने धीर दिला.

बसने गचका खाल्ला. काका खाली उतरले. त्रिकोणाची एक बाजू चांगलीच वाकली होती.

"वाचली की नाय गाडी!" गृहस्थ घाम पुसत म्हणाले.

"अहो, कशापासून वाचली?"

"सुटलेली ना!"

"बांधलेली होती! बघा, बांधलेली आहे! त्रिकोण वाकवलात तुम्ही माझा!"

गर्दी अर्थातच त्या गृहस्थांच्या बाजूने होती. माणूस जीव धोक्यात घालतो आणि म्हातारा त्रिकोणाचं घेऊन बसलाय! शेवटी काकांनीच त्यांना चहा पाजला.

त्रिकोण नवा झाला. पण लोकांचं काय करायचं? काकांनी तोड काढली. स्वतःच्या जुन्या शर्ट-पँटमध्ये भाऊंकडचा पेंढा भरला, वर मडक्याचं डोकं, त्यावर टोपी, आणि तो पुतळा पिकअपमध्ये बसवला. तो दाखवायला काकूंना हात धरून घेऊन आले. काकूंनी दारातून हात घालून पुतळ्याचा खांदा चाचपला.

"हा कोण?"

"ड्रायव्हर."

"लायसन्स आहे का याला?"

काका पुतळ्याची टोपी सरळ करायला लागले.

"माझ्याकडे आहे," काकू म्हणाल्या. "काढा याला खाली. मी बसते."

आम्ही दोघांनीही नाही म्हटलं. ओढल्या जाणाऱ्या गाडीत माणूस बसवायचा नसतो, हे काकांनीच मला शंभरदा सांगितलेलं. पण काकू तिथून हलेनात. शेवटी रस्त्यावर न्यायचं नाही, भाऊंच्या शेतातच एक फेरी घ्यायची, तीही चालत्या माणसाच्या वेगाने, असं ठरलं. भात कापून झालेला होता आणि जमीन सुकून टणक झालेली. मी काकूंच्या शेजारी बसलो.

काकूंनी पदर खोचला. सीट बरोबर त्यांच्या उंचीला होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. पुढे बस हळूच हलली, साखळ्या किणकिणल्या आणि आम्ही निघालो. शेताच्या टोकाला बस वळली. काकूंच्या हाताखाली स्टिअरिंग फिरायला लागलं. त्यांनी ते अडवलं नाही, त्याच्याबरोबर हात जाऊ दिले.

"डावीकडे चाललोय," त्या म्हणाल्या.

"हो, काकू."

"सांगू नकोस. मला कळतंय."

उजवं वळण आलं, पुन्हा डावं. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. बांधाशी भाऊ पाटील उभे होते, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

बस थांबल्यावर काका धावत आले. "कशी चालली?"

"वळण फार घाईत घेता तुम्ही," काकू म्हणाल्या. काका मान हलवत राहिले, आणि मग उगाचच त्रिकोणाचे बोल्ट तपासायला खाली वाकले. बराच वेळ वर आलेच नाहीत.

गोष्ट इथे संपायला हवी होती. ती दोघं कोकणात उतरली, असं मला लिहायला आवडलं असतं.

ती गेली नाहीत. काकांना ब्रेकची जोडणी आणखी पक्की करायची होती. मग पावसाळा आला. मग एक दिवा मधेच विझायचा. मग भाऊंच्या मुलांनी ती जमीन बिल्डरला दिली आणि बस उभी करायला जागा राहिली नाही. बस भिवंडीकडच्या कोणीतरी नेली, पिकअप त्याआधीच गेली. काकूंचं मधलं दिसणंही हळूहळू गेलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्या गेल्या आणि काका ठाण्याला पुतण्याकडे राहायला गेले.

पुढे एका संध्याकाळी ते मला तलावपाळीला तळ्याकाठच्या बाकावर भेटले. वाळलेले, पण दाढी नीट केलेली. मी शेजारी बसलो. इकडचं तिकडचं झालं, आणि मग ते आपणहूनच म्हणाले, "अरुण, बस विकल्यावर एकदा ती म्हणाली, 'अहो, मी तुमच्या शेजारी बसून आले असते की. काय काय दिसतंय ते तुम्ही सांगितलं असतंत.'"

मी त्यांच्याकडे वळून बसलो.

"मी आठवून बघितलं. बसमध्ये माझ्या शेजारी सीट होती कुठे? ती काढून मी तिथे पाण्याची टाकी बसवली होती. मला वाटायचं, तिची गाडी तिच्याकडून जाता कामा नये. त्यासाठी एवढं लोखंड जोडलं. शेजारी एक सीट लावायचं सुचलं नाही रे मला. एका दुपारचं काम होतं."

तलावात कोणीतरी बोट वल्हवत होतं. काका तिकडे बघत बसले.

मी तेव्हा जुनी मोटार घेतलेली होती. म्हटलं, "चला, घरी सोडतो." मी पुढचं दार उघडून धरलं. काका त्या दाराजवळ आले, थांबले, आणि वळसा घालून मागच्या दाराकडे गेले.

"काका, पुढे बसा ना."

"वैशालीची जागा आहे ती."

"अहो, ती डोंबिवलीला घरी आहे."

"असू दे," काका म्हणाले, आणि मागच्या सीटवर बसून त्यांनी दार लावून घेतलं.