डावीकडे सरकलेल्या कवळ्या

सकाळी मास्तरांच्या तोंडात टूथब्रश जाईना. जबडा फटीएवढा उघडायचा आणि कानापाशी कट् करून अडायचा.

"रागावलात का माझ्यावर?" बायकोनं विचारलं.

"नाही," मास्तर दातांतूनच म्हणाले.

"मग दातओठ कशाला खाताय? आणि रात्रभर दातांची ती करवत! लेक काय म्हणाली माहितीये? बाबा झोपेतपण ओव्हरटाइम करतात."

मास्तरांना हसू आलं, पण तेही फटीतून बाहेर येईना.

मास्तर कवळ्या बनवायचे. दंतवैद्यांनी पेशंटच्या तोंडाची मापं पाठवायची आणि लॅबमध्ये बसून मास्तरांनी मेणात एकेक दात लावायचा. त्यांच्या कवळ्या घालून लोकांनी लग्नांच्या फोटोंत बिनधास्त हसून घेतलं होतं. मास्तरांची एक जुनी सवय होती. प्लास्टरचे जबडे लोखंडी सांगाड्यात बसवून मिटले, की त्याबरोबर ते स्वतःचेही दात मिटून बघत. सांगाडा काही का म्हणेना, आपल्या जबड्याला पटलं की कवळी पास.

अलीकडे मालकांनी काम दुप्पट घेतलं होतं आणि माणसं होती तेवढीच. मालक दुष्ट नव्हते. घाबरट होते, आणि घाबरला माणूस की आवाज चढतोच. ते सारखे मास्तरांच्या पाठीशी येऊन उभे राहत.

"झालं का, मास्तर?"

"होतंय," मास्तर दात आवळून म्हणत.

डबा उभ्याउभ्याच संपायचा. छातीत जळजळ, मान आखडलेली, झोपेचं खोबरं. रजा मागायची, तर त्यासाठी तोंड उघडावं लागलं असतं.

त्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई स्वतः लॅबमध्ये आल्या. लॅबचं निम्मं काम त्यांच्या दवाखान्याचं. ते हातचं गेलं तर पहिली खुर्ची मास्तरांची जाईल, असं मालकांनी आदल्याच दिवशी सगळ्यांदेखत सांगितलं होतं. बाईंच्या हातात ट्रे होता आणि ट्रेमध्ये परत आलेल्या कवळ्या.

"माझ्या दवाखान्यात आज मारामारी झाली," बाई म्हणाल्या.

"कवळीवरून?" मालकांनी विचारलं.

"ऐका तर. बाकावर एक रिटायर्ड जज्ज बसलेले. समोर बँडमध्ये ढोल वाजवणारे आजोबा. दोघांच्या नव्या कवळ्या. तोंड मिटलं की दोघांचाही जबडा डावीकडे सरकतो. जज्जसाहेबांना वाटलं, हा ढोलवाला मला वेडावतोय. आजोबांना वाटलं, जज्ज असून असा पोरकटपणा? मग एकानं वेडावलं म्हणून दुसऱ्यानं जास्त वेडावलं. माझी नर्स मध्ये पडली. तेवढ्यात एक आजी आत आल्या, भांडण बघून त्यांनी तोंड मिटलं, तर त्यांचंही डावीकडे! मग काय, दोघं एक होऊन आजींवर धावून गेले."

"मग?"

"मग आजींनी पर्स उगारली. आता भांडण मिटलंय. तिघं बाकावर शेजारी बसून तुम्हाला शिव्या देतायत."

कोपऱ्यात कोणीतरी फिसकन हसलं. मालक मात्र लालबुंद झाले.

"मास्तर! आवरा तुमचं सामान! उद्यापासून..."

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. त्यांनी मास्तरांना खिडकीपाशी नेलं. "दात मिटा बघू."

मास्तरांनी मिटले. बाई वाकून बघत राहिल्या. मग ट्रेमधली एक कवळी उचलून त्यांनी मास्तरांच्या तोंडाशेजारी धरली. मग दुसरी. मग तिसरी.

"कवळ्या अगदी हुबेहूब आहेत हो," त्या म्हणाल्या. "पण पेशंटच्या नाहीत, तुमच्या. दात आवळून आवळून तुमचा जबडा सरकलाय, मास्तर. डोकं दुखतं ना? सकाळी तोंड उघडत नाही ना?"

मास्तरांनी मान हलवली. इतक्या दिवसांत त्यांना कोणी असं विचारलं नव्हतं. त्यांचे डोळेच भरून आले.

"म्हणजे हे आजारी आहेत," मालक म्हणाले. "मग मी दुसरा माणूस ठेवतो."

"ठेवा की. त्याच्याही पाठीशी उभे राहा. त्याचा जबडा उजवीकडे सरकेल, तेवढाच बदल. मालक, तुम्ही इथं जे ओरडता ना, ते तिकडं माझ्या पेशंटच्या तोंडात बसतं."

मालक स्टुलावर टेकले. त्यांनी कानाखाली हातानं चोळलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "माझंही इथं ठणकतं रोज. जरा बघता का?"

"बघेन. पण पहिला नंबर मास्तरांचा."

मग मालकांनी फोन उचलला आणि सगळ्यांदेखत एका दवाखान्याला सांगितलं, "नवं काम सध्या नको." फोन ठेवून ते मास्तरांकडे न बघताच म्हणाले, "सामान राहू द्या तिथंच. आधी बरे व्हा."

दुसऱ्या दिवशी मास्तर आयुष्यात पहिल्यांदा दंतवैद्याच्या खुर्चीत आडवे झाले. शेजारी बायको, हातात त्यांचा चष्मा. बाईंनी शेक दिला, जबडा हलक्या हातानं चोळला, आणि कितीतरी दिवसांनी तो चांगला दोन बोटं उघडला. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

"दुखतंय?"

मास्तरांनी मान हलवून नाही म्हटलं. त्यांना खूप सांगायचं होतं. खराब माल म्हणून बाईंनी तो ट्रे आपटला असता तरी कोणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी त्या कवळ्यांमधून एका माणसाचं दुखणं ओळखलं, आणि त्याची खुर्चीही राखली. एवढं सगळं एका शब्दात बसवायला मास्तरांनी "आभा..." म्हणून सुरुवात केली, आणि गहिवरून तोंड मिटलं.

बाईंचं बोट आतच होतं.

"आई गं!"

"अहो, सोडा आधी त्यांना!" बायको किंचाळली.

मास्तरांनी घाबरून आ वासला. अगदी पूर्ण. बाई बोट झटकत त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि हसायला लागल्या.

"पोचले हो आभार," त्या म्हणाल्या. "आता तोंड असंच उघडं ठेवा."