आहेर शिवणारा प्रल्हाद

माणूस समोर आला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. आमचा प्रल्हाद खांद्याकडे बघतो. मग त्याची नजर छातीवरून कमरेपर्यंत उतरते, एक डोळा बारीक होतो आणि तो स्वतःशीच पुटपुटतो. पुटपुटतो म्हणजे माप घेतो, टेप न लावता. आमच्या ह्यांना पहिल्यांदा भेटला तेव्हा नमस्कार करायच्या आधी म्हणाला, "काका, तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली हाय." मी ह्यांच्यासोबत बत्तीस वर्षं संसार केला, पण मला तो खांदा कधी दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम टेप लावून पाहिली. अर्धा इंचच. मला रागच आला.

माणसांची नावं त्याच्या डोक्यात राहत नाहीत. "काकू, त्ये चाळीस छाती, आखूड बाह्यावाले आलते," असा निरोप देतो. ते गॅसवाले की विमेवाले, हे आपण ओळखायचं. गल्लीतले नाना गेले तेव्हा तर त्याने कहर केला. सगळे गप्प उभे होते आणि हा हळूच म्हणाला, "नाना लई उतरले होते. बेचाळीसवरून छत्तीसवर आलते." असं म्हणाला आणि ढसाढसा रडला. त्या दिवशी नानांच्या मुलांपेक्षा जास्त तोच रडला असेल.

लातुरात घरावर दोन खोल्या चढवल्या की त्यांत डॉक्टर व्हायला निघालेली मुलं राहायला येतात. आमच्याकडेही येतात. प्रल्हाद अठराव्या वर्षी आला. वडील औशाला मुख्याध्यापक, कडक इस्त्रीचे, सगळा तालुका त्यांना गुरुजी म्हणतो. मीही जिल्हा परिषदेची शिक्षिका, त्यामुळे वही दिसली की मला उघडल्याशिवाय चैन पडत नाही. त्याची जीवशास्त्राची वही उघडली. मानवी सांगाड्याची आकृती काढलेली, इतकी सुरेख की दहापैकी दहा द्यावेत. फक्त त्या सांगाड्याला नेहरू शर्ट घातलेला होता आणि खाली टीप होती, "बरगड्यांपाशी ढिला ठेवणे."

दोनदा डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा दिली, दोनदा नंबर हुकला. दुसऱ्या निकालानंतर तो औशाला गेला आणि मला कपडे शिवायचेत, नवे नवे प्रकार काढायचेत, असं वडिलांना सरळ सांगून आला. गुरुजी रागावले नाहीत, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग मी लोकांना काय सांगू?" प्रल्हाद म्हणाला, "शिवतो म्हणून सांगा." तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. आई तेवढी दुपारी गुरुजी शाळेत असताना फोन करते.

मग त्याने शिवणकामाचा कोर्स केला. वर्गात चोवीस पोरी आणि हा एकटा. सकाळी गंजगोलाईच्या बाजारात एका टेलरकडे काज-बटणं करतो आणि उरलेला वेळ वरच्या खोलीत मशीन खडखडवतो. मे महिन्यात, लातूरच्या उन्हात, घोंगडीचा कोट घालून बाजारात जातो. मी म्हटलं, "अरे, मरशील." म्हणाला, "ट्रायल करून राहिलो काकू. घाम कुठून निघतो त्ये कळाया पाहिजे." त्याला काही आवडलं नाही की म्हणतो, "बेस हाय, पण पडत न्हाई." कापड अंगावर नीट पडलं पाहिजे, हा त्याचा धर्म. एकदा माझ्या कढीबद्दलही तेच म्हणाला. त्यानंतर आठवडाभर त्याला कढी मिळाली नाही.

आता आहेराचं सांगते, कारण खरी भानगड तिथूनच सुरू झाली.

आमच्याकडे लग्नात आहेर करतात. बाईला ब्लाउजपीस नाहीतर साडी, पुरुषाला शर्टपीस, अगदीच लांबचा असेल तर टॉवेल-टोपी. हे कापड कोणी शिवत नाही. कपाटात ठेवायचं आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या हातात द्यायचं. धोका एकच, ज्यांनी दिलं त्यांच्याकडेच परत जायला नको. म्हणून शहाणी बाई घडीत चिठ्ठी घालून ठेवते, कोणाकडून आलं त्याची. देताना चिठ्ठी काढून घ्यायची. एकदा मी काढायची विसरले. चार वर्षांनी एका बारशात मला मोरपंखी ब्लाउजपीस मिळाला. घरी येऊन घडी उघडली तर आत माझ्याच सुवाच्य अक्षरात "धाकट्या वन्संकडून". म्हणजे मधल्या काळात तो ज्या ज्या घरी गेला, तिथे कोणी घडीसुद्धा मोडली नव्हती.

हे मी हसत हसत प्रल्हादला सांगितलं. तो हसला नाही. ब्लाउजपीस हातात घेऊन बसून राहिला. म्हणाला, "काकू, ह्ये कापड समद्या लग्नाला गेलं. हळदीला गेलं, बारशाला गेलं. पण अंगाला कुणी लावलं न्हाई. कामून?"



दुसऱ्या दिवसापासून तो गल्लीत दारोदार फिरायला लागला. "तुमचा फिरता आहेर मला द्या, शिवून दाखवतो. गल्लीतलीच माणसं घालतील आन चालून दाखवतील. फॅशन शो करू." बायकांना कपाटं रिकामी व्हायला हवीच होती. बावीस घरांतून गाठोडी आली. मुहूर्त नसलेला महिना होता, त्यामुळे कोपऱ्यावरचं मंगल कार्यालय मोकळंच होतं, मालकाने एक रविवार दिला. दोन महिने मशीन थांबली नाही.

त्याच दिवसांत एका दुपारी त्याच्या आईचा फोन माझ्याकडे आला. शोची पत्रिका मिळाली म्हणाल्या. गुरुजींनी वाचली, घडी करून टेबलावर ठेवली. मग त्या माउलीने मला जे सांगितलं ते प्रल्हादने वर्षभरात कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी त्याच्या धाकट्या बहिणीचं, मंजूचं लग्न झालं. नवरा नांदेडचा, औषधाचं दुकान आहे त्याचं. लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळा म्हणून. कानपिळी म्हणतात त्याला. सख्ख्या भावाचा तो मान. भटजींनी हाक मारली, "नवरीचे भाऊ कोण, पुढे या." प्रल्हाद उठला. तेवढ्यात गुरुजींनी पुतण्याला पुढे केलं, डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या. पाहुण्यांनी मुलगा काय करतो विचारलं तर काय सांगायचं, हा प्रश्न त्यांना तिथेही सुटला नव्हता. पुतण्याने कान पिळला, फोटो निघाले. सख्खा भाऊ मांडवाच्या कडेला सुईदोरा घेऊन उभा राहिला. त्यानंतर तो घरी गेलेला नाही.

फोन ठेवल्यावर मी वर गेले. विचारल्यावाचून राहवलं नाही. तो बाही जोडत होता. मान वर न करता म्हणाला, "गर्दी होती काकू. दिसलो नसंल." मग दुसरी बाही उचलली आणि म्हणाला, "शोला घरचं कुणीतरी यावं. एक माणूस आलं तरी बास हाय."

शोच्या दिवशी चारची वेळ होती. सगळी गल्ली जमली, खुर्च्या भरल्या. पुढच्या रांगेतल्या तीन खुर्च्या त्याने कोणाला बसू दिल्या नाहीत. चार वाजले. हा म्हणाला, "औशाची गाडी येऊ द्या." गाडी आली, बाकी सगळे उतरले. साडेचार. "अजून एक गाडी बगू." पाच वाजता लोक जांभया द्यायला लागले आणि माझ्या फोनवर त्याच्या आईचा आवाज आला. "ह्यांना शाळेत काम निघालंय बाई, मला एकटीला यायला जमत न्हाई." तो दिवस रविवार होता. मी हे प्रल्हादला कसं सांगू म्हणून त्याच्याकडे पाहिलं तर त्याला कळलंच होतं. त्याने तिन्ही खुर्च्यांवर शेंबडी पोरं बसवली आणि गाणं लावायला सांगितलं.

सगळ्यात आधी आमचे हे चालत आले. सहा शर्टपीसांचं जाकीट, असं कापलेलं की दोन्ही खांदे सरळ दिसत होते. माणूस दहा वर्षांनी लहान झाला होता. टाळ्या पडल्या. मग हे वळले आणि पाठीवर, रेशमी दोऱ्याने, सुंदर अक्षरांत भरलेलं दिसलं, "पवार वहिनींकडून."

पवार वहिनी दुसऱ्या रांगेत होत्या. त्या माझ्याकडे बघत उठून उभ्या राहिल्या. "ह्यो शर्टपीस मी तुमच्या पोराच्या लग्नात दिलता. आजवर शिवला न्हाई व्हय?"

घोटाळा माझ्या लक्षात आला तोवर उशीर झाला होता. बायकांनी गाठोडी दिली, पण घडीतल्या चिठ्ठ्या काढल्याच नाहीत. आणि आमच्या शहाण्या प्रल्हादने काय केलं, तर प्रत्येक चिठ्ठीवरचं नाव त्या त्या कपड्यावर भरतकामाने काढलं. त्याला वाटलं, ज्याने प्रेमाने दिलं त्याचं नाव झळकावं. पुढे गल्लीतली सविता आली, तिच्या घागऱ्यावर "मोठ्या जाऊबाईंकडून". मोठ्या जाऊबाई समोरच बसलेल्या. तिच्या मागून आलेल्या मुलाच्या सदऱ्यावर "मामींकडून", आणि मामी म्हणत होत्या की हे तर मला शिंद्यांनी दिलं होतं. आता शिंद्यांनी मामींकडे पाहिलं. कोणी कोणाचं कापड कोणाच्या गळ्यात मारलं, सगळं चव्हाट्यावर आलं. लग्नात जेवण कमी पडल्यावर होतो तसा कालवा झाला. प्रल्हाद पडद्याशी उभा होता, पांढराफटक. "म्या तर मान द्यायला केलतं काकू," एवढंच म्हणत होता.

मला त्याची फार कणव आली आणि बायकांचा तेवढाच संताप आला. मी पुढे गेले आणि शाळेतला आवाज काढला. "खाली बसा सगळ्या." बसल्या. तिघी-चौघी तर माझ्याच विद्यार्थिनी. मग मी माझ्या मोरपंखी ब्लाउजपीसची गोष्ट सांगितली, चिठ्ठीसकट. म्हटलं, "मला माझाच आहेर परत आला. ज्या बाईने आयुष्यात फिरता आहेर केला नाही तिने उभं राहून भांडावं."

कोणीच उठलं नाही. मागून एक म्हातारी खुदकन हसली, मग पवार वहिनी हसल्या, आणि मग हसणं आवरेना. त्यानंतर जो कपडा येईल त्याच्या पाठीवरचं नाव लोक मोठ्याने वाचायला लागले आणि ज्याचं नाव असेल त्याला उभं करायला लागले. असा फॅशन शो मुंबईत तरी झाला असेल का, मला शंका आहे.

शो संपला, लोक पांगले. प्रल्हाद खुर्च्या एकात एक घालत होता. तेव्हा मागच्या दारापाशी उभी असलेली एक मुलगी पुढे आली, तिच्यामागे एक उंच माणूस. मुलगी म्हणाली, "दादा." मंजू होती ती. नांदेडहून सकाळीच निघाले होते, वाटेत गाडी बंद पडली. बराच वेळ मागेच उभे होते. घरी गुरुजींना सांगितलेलं नव्हतं.

प्रल्हादने हातातली खुर्ची पुढे केली. "च्या घेता का दाजी?" म्हणाला.

दाजींनी चहाचं ऐकलंच नाही. म्हणाले, "प्रल्हादराव, लग्नात माझ्या शेरवानीचं बटण तुटलं होतं. मांडवाच्या कडेला तुम्ही सुईदोरा घेऊन उभे दिसलात. मी म्हटलं, ओ टेलर, जरा हे लावा. तुम्ही खाली बसून लावून दिलं. एक शब्द बोलला नाहीत."

"बटण तुटलंतं ना," प्रल्हाद म्हणाला. "टिकलंय का?"

"टिकलंय. हिने चार दिवसांनी सांगितलं तुम्ही कोण ते. वर्षभर तुमच्यापुढे यायची लाज वाटत होती मला." एवढं बोलून तो सहा फुटी माणूस त्या रिकाम्या कार्यालयात प्रल्हादपुढे वाकला. "उजवा कान तुमच्या चुलतभावाने पिळला. डावा शिल्लक आहे."

प्रल्हादने हात सदऱ्याला पुसले. मग त्याने हात पुढे केला आणि कान धरला, तलम कापड धरावं इतका हलका.

"जोरात पिळ की," मंजू म्हणाली. ती रडत होती. "वर्ष झालं मी थांबलेय."

"माझ्या बहिणीला," प्रल्हाद म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. मीही तिकडे बघू शकले नाही, खोटं कशाला सांगू. पुन्हा म्हणाला, "माझ्या बहिणीला नीट सांभाळा," आणि कान पिळला, चांगला लाल होईपर्यंत.

पिळून झाला तरी त्याने कान सोडला नाही. दाजीही सोडा म्हणाले नाहीत, तसेच वाकून उभे राहिले.