कुंदाताईंची पाण्याची नळी

कुंदाताई रणदिवे आमच्याकडे पहिल्यांदा आल्या, त्या ओठांतल्या ओठांत पुटपुटतच. मला वाटलं, जप चालू असेल. दारात थांबून त्या म्हणाल्या, "गेटपासून तुमच्या उंबऱ्यापर्यंत एकशे बेचाळीस पावलं. पंच्याऐंशी मीटर धरा." नाव त्यांनी त्यानंतर सांगितलं.

सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत त्या एकट्या राहतात. सरकारी मोजणी खात्यात तीस वर्षं सर्व्हेअर होत्या. त्यांच्याकडे मीठ मागायला गेलं, की "किती?" असं विचारतात आणि "थोडंसं" म्हटलं की दुखावतात. "अंदाज शेजाऱ्यांना सांगा, मला माप सांगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आपण शेजारीच आहोत, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

दर रविवारी सकाळी त्या कॉमन प्लॉटवर मुलांना जमवतात. अकरावीतली माझी सायली त्यात पहिली. "चालो, आज पाण्याच्या टाकीची उंची काढायची. पण वर कोणी चढायचं नाही," असं म्हणून त्या स्वस्थ बसतात. मग मुलं काठीची सावली मोजतात, टाकीची सावली मोजतात, भांडतात आणि उत्तर काढतात. मीही पेपर वाचायच्या निमित्ताने तिथे जाऊन बसू लागलो.

पावसाळ्यात समोरच्या पटेलांच्या घरात पाणी शिरायचं. गटाराचा दोष आहे, असं मी दोन वर्षं सगळ्यांना पटवत होतो. एका रविवारी कुंदाताईंनी मुलांच्या हातात एक लांब पारदर्शक नळी दिली. नळीत पाणी भरलं होतं. "दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहतं. जमिनीपासून ते किती उंच आहे ते मोजा, म्हणजे रस्ता कुठे उतरतो ते कळेल."

मुलं रस्ताभर नळी घेऊन फिरली. सायली आकडे लिहीत होती. लिहिता लिहिता ती थांबली आणि तिने मुलांना पुन्हा मोजायला लावलं.

"रस्ता सगळा गेटकडे उतरतो," ती म्हणाली. "एकाच जागी चार बोटं चढतो. पाणी तिथे अडून पटेलकाकांकडे वळतं."

"कुठे?" मी विचारलं.

"आपल्या पार्किंगपुढे, बाबा."

गाडी नीट चढावी म्हणून तिथे मीच लाद्या बसवून घेतल्या होत्या.

मी म्हटलं, "नळी जरा वाकडी धरली असेल."

"तीनदा मोजलंय," सायली म्हणाली. पटेलांनीच माझी बाजू घेतली. "रेवा दो ने, अविनाशभाई. थई जाय." राहू द्या, होतं असं, असं त्यांचं म्हणणं.

पुढच्या आठवड्यात मी लाद्या फोडून घेतल्या. त्या पावसाळ्यात पटेलांचं घर कोरडं राहिलं. सायलीने मात्र जाहीर केलं की तिला सर्व्हेइंगच शिकायचंय. तिच्यासाठी मी कॉम्प्युटरचं ठरवून ठेवलं होतं. दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. मग विचार केला, जिने बापाची लादी फोडायला लावली, तिला कोण अडवणार?

ही बातमी सांगायला ती कुंदाताईंकडे गेली. जेवायची वेळ झाली तरी परतली नाही, म्हणून मी बोलवायला गेलो. दार उघडंच होतं. मधल्या टेबलावर एक जुना, घड्यांवर फाटलेला नकाशा पसरला होता आणि गॅसवरचं दूध उतू गेलं होतं.

सायली मला हळूच म्हणाली, "मी फक्त विचारलं, की मावशी, तुम्ही पहिली मोजणी कुठे केलीत?"

कुंदाताईंनी मान वर केली. डोळे ओले होते, पण आवाज नेहमीसारखाच.

"घरात कधी कोणी विचारलं नाही हो," त्या म्हणाल्या. "आमचे हे लोकांना सांगायचे, ऑफिसात लिहायचं काम करते. बायको शेतांतून हिंडते, हे सांगायची त्यांना लाज वाटायची. मुलगाही अजून तेच सांगतो."

मी म्हटलं, "सायलीला जेवायला बोलवायला आलो होतो."

त्यांनी त्या पहिल्या मोजणीच्या नकाशावरच्या एका निळ्या रेघेवर बोट ठेवलं.

"पाच मिनिटं थांबा, अविनाशभाई. आम्हाला अजून नदी ओलांडायची आहे."

मी चपला काढल्या आणि खुर्ची ओढून टेबलाशी बसलो.