स्टॅगहॉर्न आणि पाद्रीबाई

"डोळे बांधा माझे आणि कुठल्याही सायकलवर बसवा! दोन पायडल मारेस्तोवर सांगतो, स्टॅगहॉर्न आहे की दुसरी कुठली!"

लॅकलनची ही फुशारकी ऐकली नाही असा माणूस इनरलेदन गावात शोधून सापडला नसता. छपरं दुरुस्त करायला तो ज्या घरावर चढायचा, त्या घरातल्यांना ती वरूनही ऐकावी लागायची! त्याची स्वतःची डोंगरात चालवायची सायकल अर्थातच स्टॅगहॉर्न कंपनीची. ती बाहेर शेडमध्ये नाही, घरात जिन्याखाली राहायची, अंगावर पांघरूण घेऊन. बायको इशबेल म्हणायची, "मी आजारी पडले की मलाही जिन्याखालीच ठेव. विचारपूस तरी होईल."

तीही एकेकाळी त्याच्याबरोबर डोंगर चढायची. मग गुडघा गेला, ऑपरेशन झालं. आता कुठे डॉक्टरांनी परवानगी दिली, तर बाईंनी पसंत केली बोगल नावाच्या कंपनीची सायकल! घरात रणकंदन.

"अरे, पुढचं सस्पेन्शन तेच, ब्रेक तेच, गिअर तेच, चाकंसुद्धा तीच! फक्त नाव वेगळं."

"नावातच तर सगळं आहे! चार पाय काय, गाढवालाही असतात."

"मला आवडलीय ती. नुसती हातात धरली आणि माझी भीतीच पळाली."

"बोगलच्या शेजारी माझी स्टॅगहॉर्न? लोक शेण घालतील तोंडात!"

इशबेलने चमचा खाली ठेवला. "मग राहू दे. माझं सायकल चालवणं संपलं असं समज." तिने उठून आपलं हेल्मेट चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीला द्यायच्या पिशवीत टाकलं आणि पिशवी दाराशी नेऊन ठेवली. लॅकलनच्या काळजात चर्र झालं. पण माघार घेईल तो लॅकलन कसला!

शनिवारी नेहमीप्रमाणे सगळी टोळी डोंगरावर गेली. नेहमीप्रमाणे पाऊसही आला. अर्ध्या वाटेवरच्या चहाच्या टपरीशी कुंपणाला सायकली टेकवून मंडळी आत घुसली. चिखलाने त्या सायकलींची अशी दशा झाली होती, जणू डबक्यात लोळून आलेल्या म्हशीच! नाव नाही, रंग नाही. लॅकलनने दोन बेकनचे पाव हाणले, बाहेर येऊन आपली सायकल उचलली आणि उतारावर सोडली.

"बघा रे बघा! दगडावरून कशी लोण्यासारखी जातेय! बोगल असती तर एव्हाना दात हातात आले असते!" खाली पोचेपर्यंत तोंडाचा पट्टा चालूच.

खाली सायकली धुवायचा नळ, आणि त्याच्यापुढे रांग. इशबेल दर शनिवारी त्याला न्यायला थर्मासमध्ये चहा घेऊन यायची, तशी आली. बोलत नव्हती, पण आली होती.

"ये, अशी जवळ ये! फ्रेम काय चीज असते ते बघ!" असं म्हणत लॅकलनने पाणी सोडलं. चिखल घरंगळला. एक अक्षर दिसलं, मग दुसरं. हे स्टॅगहॉर्नमधलं अक्षर नव्हे, असं त्याच्या मनात येतंय तोवर अख्खं नाव लख्ख झालं.

बोगल!

टोळीत बोगल एकाच माणसाकडे होती. गावच्या चर्चच्या पाद्री, मॅकगिलबाई. उंचीला लॅकलनएवढ्या आणि उतारावर त्याच्याहून बेधडक. मेलो, लॅकलन मनात म्हणाला. चोरी, आणि तीही पाद्रीबाईंची! खरं तर त्याला पापाची नाही, लोकांच्या हसण्याची धडकी भरली होती. तो खाली वाकला, मूठभर चिखल उचलला आणि थापला त्या नावावर.

नुकतीच सायकल धुऊन झालेला म्हातारा टॅम बघतच राहिला. "अरे, आम्ही चिखल काढतोय आणि तू लावतोयस?"

"रंगाला... चांगला असतो!"

"चिखल?"

"हो! पण इथलाच लागतो, बाहेरचा नाही चालत!"

टॅमने मान डोलावली आणि तो स्वतःच्या धुतलेल्या सायकलीकडे विचारात पडून बघू लागला.

एवढ्यात भजन गुणगुणत आल्या पाद्रीबाई! बुडाखाली सायकल कसली, चिखलाचा गोळाच. तो गोळा कुणाचा हे लॅकलनला सांगायला नको. त्या थेट नळाकडे निघाल्या, तसा हा मध्ये उडी मारून उभा.

"थांबा! पाद्रीबाई, तुम्ही चहा घ्या. तुमची सायकल मी धुतो!"

सगळ्यांच्या माना वळल्या. या माणसाने आजवर कुणाला हवा भरायचा पंपसुद्धा दिला नव्हता!

"लॅकलन, बरं वाटत नाहीये का रे तुला?"

"उद्या रविवार ना... म्हटलं, थोडी सेवा घडू दे!"

दोन्ही सायकली घेऊन तो एका व्हॅनच्या आडोशाला पळाला, बादलीभर पाण्याने घाईघाईने दोन्ही धुतल्या आणि वळून बघतो तर मागे इशबेल. तिने एक नाव वाचलं, दुसरं वाचलं, मग नवऱ्याचे चिखलाचे हात बघितले.

"दोन पायडलमध्ये कळतं ना रे तुला?"

"हळू बोल गं, पाया पडतो तुझ्या!"

आणि इशबेलला हसू फुटलं. सीट धरून, वाकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर ती हसली. कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती. लॅकलनच्या छातीवरची धोंड उतरली.

"हेल्मेट दिलंस का गं?"

"उद्या देणार होते."

"देऊ नकोस. सोमवारी जाऊन तुझी बोगल आणू. पुढे तू, मागे मी."

"आणि लोक?"

"लोक गेले खड्ड्यात!"

मग त्याने पाद्रीबाईंची सायकल त्यांच्या पुढ्यात नेऊन उभी केली. सुटलो बुवा!

"वा! देव तुझं भलं करो," पाद्रीबाई म्हणाल्या. "बरं झालं धुतलीस. टपरीनंतर हिला काय झालं होतं कोण जाणे! इतकी जड आणि खडखडाट तर असा, मला वाटलं कुणाची तरी भंगारातली उचलून आणली!"

इशबेलला चहाचा ठसका लागला.

"चिखल हो, पाद्रीबाई. चिखलच तो."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये भर सभेत लॅकलनच्या सेवाभावाचं कौतुक झालं. आता दर शनिवारी नवराबायको जोडीने डोंगरावर जातात, इशबेल पुढे, बोगलवर. आणि खाली आलं की पाद्रीबाई आपली सायकल हक्काने लॅकलनपुढे उभी करून चहाला जातात. लॅकलन मुकाट्याने धुतो. फक्त टपरीवरून उताराला लागण्याआधी तो एक काम न चुकता करतो. बोटाने थोडा चिखल पुसून आधी नाव वाचतो!