शिकलगार मास्तर गाडी चालवतात

आमच्या गल्लीतले शिकलगार मास्तर कुठंही बसले तरी ब्रेक दाबतात. रिक्षात दाबतात, एसटीत दाबतात. माझ्या दिराच्या लग्नात वाढपी आमटीची बादली घेऊन धावत आला, तेव्हा टेबलाखाली त्यांचा पाय दाबला गेलेला मी स्वतः पाहिलाय.

बिचाऱ्यांचा दोष नाही. वीसेक वर्षं त्यांनी मोटार शिकवली, ती सगळी डाव्या सीटवर बसून. त्यांच्या मारुतीला डावीकडंही क्लच-ब्रेक बसवलेले होते. अर्ध्या कोल्हापूरनं त्यांच्या शेजारी थरथरत स्टिअरिंग धरलं. मीही धरलं. एरवी मी सुनंदा, पण गाडीत बसलं की 'बाई'. "बाई, गिअर हाय तो, ताकातली रवी न्हवं." आवाज कधी चढवायचे नाहीत. फारच चिडले तर "शाबास" म्हणायचे, आणि त्या शाबासनंतर गाडी हमखास बंद पडायची.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका रविवारी सकाळी मास्तर हातात हेल्मेट घेऊन दारात. मागं मारुती, टपावरची ड्रायव्हिंग स्कूलची पाटी काढलेली.

"कागलला जायचंय. तू चालव."

कागलच्या एमआयडीसीत मोकळ्या प्लॉटवर हौशी लोकांची मोटार शर्यत होती. नवशिक्यांनी आपली रोजची गाडी आणायची आणि मांडलेल्या लाल प्लास्टिकच्या कोनांमधून एकट्यानं फिरवायची. घड्याळ लावतात, फेऱ्या हव्या तेवढ्या. साठीत मास्तरांना हे काय सुचलं म्हणून मी वाटेत जरा चेष्टा केली. हायवेला लागल्यावर ते म्हणाले, "मला गाडी येत न्हाय."

"काहीतरीच काय मास्तर."

"डावीकडनं येती की. उजवीकडं बसलं की रस्ताच कळत न्हाय. गेल्या महिन्यात एकटा निघालोतो, कोपऱ्यावरच्या दुकानाची पायरी घेतली."

मग सगळं बाहेर पडलं. त्यांची एकुलती एक राबिया गारगोटीला सासरी. तिला सातवा लागलेला. आई वारलेली, म्हणून सासरची माणसं म्हणत होती, बाळंतपण इथंच होऊ दे, तिकडं करायला कोण आहे? मास्तरांनी निरोप धाडला होता, रविवारी मी स्वतः गाडी घेऊन न्यायला येतो. म्हणजे आजच. आज गेले नाहीत तर पोरगी तिथंच राहणार.

"शिकवलेल्यांपैकी कुणालाही हाक मारा की. मी येते."

"तिची आई असती तर तिनं दुसऱ्याला धाडलं असतं व्हय?"

मी गिअर बदलला.

"तिथं धडकलं तरी प्लास्टिकच हाय," ते म्हणाले. "आणि ओळखीचं कोण न्हाय."

झेंडा धरून उभा असलेला गडी त्यांचाच विद्यार्थी निघाला. त्यानं सगळी पोरं गोळा केली. "ह्यांनी मला शिकवलंय. आता बघा गाडी कशी काढतात." मास्तरांचा चेहरा पडला. हेल्मेट चढवून ते गाडीपाशी गेले, दार उघडून बसले, पट्टा लावला. डावीकडं. झेंडा खाली आला, गाडी जागची हलेना. मी जाऊन काचेवर टकटक केलं, तेव्हा ते उतरून कुणाकडं न बघता पलीकडं गेले.

पहिल्या फेरीत डावीकडचा एकूण एक कोन आडवा. पोरांना ती स्टाइल वाटली, टाळ्या पडल्या. पुढच्या फेऱ्यांत उघड्या काचेतून त्यांचा आवाज ऐकू यायला लागला. "साहेब, घाई कुणाला हाय? डावा आरसा बघा. शाबास." स्वतःला झापत होते ते, अहोजाहो करून. हळूहळू कमी कोन पडायला लागले. शेवटच्या फेरीत एकही पडला नाही. त्या दिवशीची सगळ्यात सावकाश फेरी असेल ती, पण मला इतका आनंद झाला की शेजारच्या अनोळखी पोराच्या पाठीत मी धपाटा घातला.

मास्तरांनी गाडी माझ्यापाशी आणली. मी बसायला गेले तर म्हणाले, "नको. तू शेजारी असलीस की माझं ध्यान तुझ्या पायाकडं जातंय. वडापनं जा घरला." आणि तिथूनच गारगोटीची वाट धरली, दुसऱ्या गिअरमध्ये.

मी वडापच्या, म्हणजे सीट भरून धावणाऱ्या, जीपमध्ये कोंबून बसून घरी आले, पण कशात लक्ष लागेना. उसळीत मीठ दोनदा पडलं. संध्याकाळी मारुती गल्लीत शिरली, मास्तरांच्या दारात थांबली, आणि कुणी उतरेचना. मी तशीच धावत गेले.

इंजिन बंद. मास्तर स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले. मागं राबिया, मान कलंडलेली. मी काही विचारणार तोच त्यांनी हात वर केला.

"झोपलीया," ते अगदी हळू म्हणाले. "मुरगूडपासनं झोपलीया. एवढ्या वर्षांत ह्या गाडीत कुणाला झोप लागली न्हवती, सुनंदा."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, उतरा तरी, चहा टाकते. त्यांनी नुसती मान हलवली आणि आवाज न करता काच वर घेतली, पोरीला डास चावतील म्हणून.