बाबांचा रक्तगट

"बाबा, तुम्ही माझे बाबा असूच शकत नाही," मुलीने वहीतून मान वर न करता जाहीर केलं.

कार्डवाल्यांच्या हातातला अर्धा चहा बशीत उतरला. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं ओळखपत्रं छापायचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना कार्डवाले म्हणत. जीवशास्त्राच्या सरांनी घरातल्यांच्या रक्तगटांचा तक्ता करायला सांगितला होता. आई ओ, मुलगी ओ, आणि बाबांच्या गळ्यातल्या कार्डावर ठसठशीत एबी.

"एबी असलेला बाप मुलाला ए तरी देतो, नाहीतर बी. ओ त्याच्याकडे नसतोच. पुस्तकात आहे."

"म्हणजे दवाखान्यात अदलाबदल झाली!" त्यांनी कपाळाला हात लावला. बायकोवर संशय घ्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि तेवढी छातीही नव्हती.

"कुणाशी अदलाबदल? त्या दिवशी तिथे मी एकटीच बाळंत झाले होते," बायको भांडी पुसता पुसता म्हणाली. "बदललाच असाल तर तुम्ही."

कार्डवाल्यांना हसू येईना. जिला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं, ती परक्याची निघाली तर? त्यांनी आरशात आपले कान पाहिले, मग तिचे. दोघांचेही सारखेच बाहेर आलेले. तरी जिवाला चैन पडेना. शेवटी सुई पाहूनच घाम फुटणारा हा माणूस लेकीचा हात घट्ट धरून रक्त तपासायला गेला.

तपासणाऱ्या बाईंनी थेंबांवर औषध टाकलं, काच हलवली. "तुम्ही बी आहात. बी असलेल्या बापाला ओ मूल होऊ शकतं. एबी कुणी सांगितलं?"

"कार्डावर आहे की!"

"कार्ड कुणी केलं?"

"मीच."

म्हणता म्हणता त्यांना आठवलं. नमुन्याच्या कार्डावर रक्तगटाची जागा ओकीबोकी दिसू नये म्हणून त्यांनीच तिथे एबी टाकून ठेवलं होतं. ज्याने आपला गट कळवला नाही, त्याच्या कार्डावर ते तसंच छापलं जाई. स्वतःला कळवायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

बाईंनी सावकाश स्वतःच्या गळ्यातलं कार्ड वळवून पाहिलं. "आमच्याकडे नऊच्या नऊ जण एबी आहेत. आम्ही आपले म्हणायचो, काय योगायोग!"

"अहो, पण तुम्ही तर रक्तच तपासता!"

"दुसऱ्यांचं हो."

कार्डवाले शरमेने लाल झाले, पण आनंद काही लपेना. उद्याच सगळी कार्डं बदलून देतो, असं त्यांनी तीनदा सांगितलं.

बाहेर आल्यावर मुलीने तक्त्यात खाडाखोड केली. "म्हणजे बाबा, तुम्ही माझेच!"

"मी तुझाच होतो गं," ते डोळे पुसत म्हणाले. "ते कार्डच माझं नव्हतं."