साळिंदरभाऊंचा अंदाज पाचाने चुकला

एका जंगलात, बाळांनो, एकच पाणवठा होता. उन्हाळ्यात तोही आटत यायचा. म्हणून पाण्याच्या पाळ्या लावायला दरवर्षी एक राखणदार निवडत. निवडणूक बरं का! मागे बसलेल्यांनी आत्तापासून जांभया देऊ नका.

त्या वर्षी दोघे उभे होते. कासवीणकाकू म्हणाल्या, "आधी लेकुरवाळ्या, मग बाकीचे." तरसराव म्हणाले, "आधी मी, मग माझे पाहुणे. उरलं तर तुमचंच आहे की!"

हरिणीला नुकतंच पाडस झालं होतं. पाणी नाही मिळालं, तर दूध कुठून येणार? तिचा सगळा जीव काकूंच्या निवडून येण्यावर टांगलेला.

तेवढ्यात शहराकडे राहून आलेले साळिंदरभाऊ म्हणाले, "मतचाचणी घेऊ या!" मोठे हुशार प्राणी. पाठीवरचा काटा उपटला की लेखणी तयार. ऊन फार, म्हणून त्यांनी छत्री धरायला एकाला सोबत घेतलं. तो नेमका तरसरावांचा मेव्हणा. बिचारा एक अक्षर बोलायचा नाही. नुसता शेजारी उभा राहून दात कोरायचा.

"हरिणीताई, अगदी मोकळेपणाने सांगा हं. मत कुणाला?"

हरिणीने मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हण्याने पाडसाकडे पाहिलं.

"तरसरावांना! आणखी कुणाला?" हरिणी म्हणाली.

ससा तर प्रश्न संपायच्या आत "तरसराव!" म्हणून मोकळा झाला. माकडाने वर टाळ्याही वाजवल्या.

संध्याकाळी वडाखाली अंदाज जाहीर झाला. शंभरातले पंच्याण्णव तरसरावांच्या बाजूने!

"अगंबाई!" हरिणी पाडसापाशी येऊन पुटपुटली. "मी आपली भीतीने म्हटलं. पण बाकीचे सगळे खरंच त्याच्याकडचे?"

बिळात ससा बायकोला म्हणाला, "मी थाप मारली, ते सोड. पण अख्खं जंगल कसं थाप मारेल?"

माकड म्हणालं, "काकू पडणारच आहेत. मग मत वाया का घालवा?"

आता गंमत ऐका. मतदान गुप्त होतं! झाडाला दोन ढोल्या. एकेकट्याने जायचं, हव्या त्या ढोलीत खडा टाकायचा. ना छत्री, ना मेव्हणा.

हरिणी काकूंच्या ढोलीपाशी थांबली. खडा तोंडातच राहिला. 'काकूंना माझं एकटीचंच मत पडलं आणि त्याला कळलं तर?' तिने खडा तरसरावांच्या ढोलीत टाकला आणि पळत सुटली.

मोजणी झाली. काकूंची ढोली रिकामी. अरे, काकूंचा स्वतःचाही खडा नव्हता! विचारलं तर म्हणाल्या, "सगळ्यांना तेच हवेत, तर मी कशाला आडवी येऊ?"

साळिंदरभाऊ हात जोडून उभे राहिले. "क्षमा असावी मंडळी. माझा अंदाज पाचाने चुकला."

मग कडक ऊन पडलं. तरसराव पाण्यात डुंबत होते, पाहुणे काठावर लोळत होते आणि बाकीचं जंगल लांब रांगेत उभं होतं. पाडस आईला लुचून लुचून थकलं. हरिणीला रडूच फुटलं.

"मला काकूच हव्या होत्या हो!"

"मलाही," ससा म्हणाला.

"मलाही," माकड म्हणालं. मग रांगेच्या टोकापर्यंत तेच ऐकू आलं. सगळे एकमेकांवर खेकसले, "मग तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

इतक्यात साळिंदरभाऊ आले. नवी चाचणी, नवा काटा. "नव्या राखणदारावर समाधानी आहात का? अगदी मोकळेपणाने सांगा हं."

शेजारी छत्री होतीच.

हरिणीने पाडसाला पोटाखाली ओढलं आणि कोरड्या घशाने म्हणाली, "अगदी समाधानी!"

ससा म्हणाला, "माझंही तेच लिहा."

तात्पर्य : मतचाचणीवर डोळे मिटून विश्वास ठेवावा. ती खोटी पडू नये, याची काळजी आपण घेतोच.